नानांच्या शेजारची सीट

नानांच्या गाडीतून कोणी उतरलं की नाना लगेच निघत नसत. उतरणाऱ्याचा पाय जमिनीला लागतो न लागतो तोच ते डावीकडे वाकत, रिकाम्या सीटखाली हात घालून खटका ओढत आणि सीट मागे, जाईल तितकी मागे सरकवत. मग दार ओढून घेत, आणि त्यानंतरच गाडी हलायची. बसणारा कितीही ठेंगणा असो, त्याच्यासाठी सीट पुढे घ्यायची आणि तो उतरला की पुन्हा पार मागे. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "फॅक्टरीत जिंदगी गेली त्याची. हत्यार वापरलं का जागच्या जागी ठेवाचं, तशी खोड लागली." आम्हा सगळ्यांना ते पटलं होतं. न पटायला दुसरं काही कारण कुणाला ठाऊक नव्हतं.

नाना म्हणजे माझे चुलतसासरे. वरणगावच्या फॅक्टरीत टर्नर होते. निवृत्त झाले, त्याच्या पुढच्याच वर्षी काकू गेल्या. मूलबाळ नव्हतं. ज्या वयात आमच्या सावद्याची माणसं देवळाच्या ओट्यावर जागा धरतात, त्या वयात हा गृहस्थ नाशिकला गेला आणि एक जुनी लाल गाडी घेऊन आला. दोन दारं, दोनच सीटा, वर कापडी छत, आणि उंची इतकीच की शेजारी म्हैस उभी राहिली तर गाडी दिसेनाशी व्हावी. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. सुटे भाग मिळत नाहीत, असं विकणाऱ्याने सांगितल्यावर नाना म्हणे खूश झाले. "मंग काय, आपुनच करू," म्हणाले.

मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन धुळ्याहून या घरात आले होते. ती गाडी अंगणात शिरली तो दिवस मला लख्ख आठवतो. आमच्याकडे केळीची शेती, घरात माणसं भरपूर. गाडी पाहिली की पहिला प्रश्न एकच, किती माणसं बसतात? आणि दुसरा, डिकीत काय काय मावतं? सासूबाई कुंकवाचा करंडा घेऊन पुढे झाल्या. आबा, म्हणजे माझे सासरे, नानांचे थोरले भाऊ, ओट्यावर आपला ताठ पाय लांब करून बसले होते.

"किती मानसं बसतात?" आबांनी विचारलं.

"दोन."

"म्हंजे तू आन कोन?"

"तू," नाना हसत म्हणाले. "बस ना भाऊ. एक चक्कर मारू."

आबांनी आपल्या ताठ पायावर हात ठेवला. मग आवाज न चढवता म्हणाले, "एकदा बसलो व्हतो तुह्या मांगं. पाय देऊन आलो. आता नही."

सासूबाईंच्या हातातला करंडा तसाच राहिला. ती गोष्ट मला नंतर कळली. तरुणपणी नानांनी नवी मोटारसायकल घेतली होती. रावेरच्या बाजारातून येताना आबा मागे बसले होते. "हयू, नान्या," म्हणजे हळू, असं ते दोनदा म्हणाले आणि नानांनी ऐकलं नाही. वळणावर केळीचा पालापाचोळा सांडलेला, गाडी घसरली. नानांना खरचटलंही नाही. आबांचा गुडघा मात्र गेला, तो पुन्हा कधी वाकला नाही. बागेत सगळ्यांच्या पुढे चालणारा माणूस काठीवर आला. रिक्षात बसले की पाय बाहेर, एसटीत बसले की पाय वाटेत, आणि आमच्या घरच्या मोठ्या गाडीत ते मागच्या सीटवर आडवे बसत, म्हणजे तिथे दुसऱ्या कुणाला जागा नसे. पण इतक्या वर्षांत त्यांनी भावाला त्याबद्दल एक शब्द ऐकवला नव्हता. ऐकवला तो त्या दिवशी, सगळ्यांसमोर.

त्यानंतर नानांनी त्यांना कधी विचारलं नाही आणि आबा नानांशी कधी बोलले नाहीत. एकाच अंगणात दोघांच्या खोल्या समोरासमोर. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, एका पंगतीत बसायचे, तेव्हा आबा माझ्याकडे बघून म्हणायचे, "त्याले पुरनपोयी वाढ." नाना म्हणायचे, "त्याले सांग, बस झालं." मी मध्ये उभी, हातात तुपाचं भांडं. दोघांचाही राग यायचा मला. खरं सांगते, अजून येतो.

आमच्या या भागात बोलताना ळ ची ओळखच ठेवत नाहीत, सगळा य. मी धुळ्याकडची, माझ्या तोंडात आहिराणी. त्यामुळे नाना मला हाक मारायचे, "काय शे वो बाई?", म्हणजे काय आहे गं, आणि स्वतःच्याच नकलेवर खूश होऊन हसायचे.

त्यांच्या गाडीत मी पहिल्यांदा बसले ती आईच्या ऑपरेशनच्या दिवशी. तिला जळगावच्या दवाखान्यात आणलं होतं आणि घरची गाडी माल घेऊन गेलेली. नाना म्हणाले, "चाल." मी गाडीपाशी गेले आणि सवयीने मागचं दार शोधू लागले. सून कधी सासऱ्याच्या शेजारी बसते का? सून मागे, पदर घेऊन, मुलांमध्ये.

"मांगं काय पाह्यते?" नाना म्हणाले. "मांगं काहीच नही. पुढेच बस."

बसले. सगळी गल्ली बघत होती. पदर नाकापर्यंत ओढलेला, आणि समोर अख्खा रस्ता. फैजपूर मागे पडलं तशी मी रडायला लागले. नानांनी काय झालं विचारलं नाही, रडू नकोही म्हणाले नाहीत. जरा वेळाने म्हणाले, "रडून घे. तापीच्या पुलावर वारा लागते. डोये वायतात." आणि खरंच, पुलावर त्यांनी छत मागे टाकलं, वारा आला, आणि मी पदर खाली घेतला. आई बरी झाल्यावर तिला मी हे सांगितलं, तर दुखण्यातून उठलेली बाई कपाळाला हात लावून म्हणाली, "सासराजवळ बठनी तू? बठ्ठा लोके देखी ऱ्हायनात ना!" सगळे लोक बघत होते, हीच तिची काळजी.

पण त्या सीटची चटक हळूहळू सगळ्यांनाच लागली. आमच्या घरात कुणालाही कुणाशी दोघांपुरतं बोलता येत नाही. स्वयंपाकघरात चारजणी, ओट्यावर पाचजण, शेतात मजूर. नानांच्या शेजारी बसलं की मात्र तुम्ही आणि नाना. दहावीत नापास झालेली पुतणी बसली, नवऱ्याशी भांडून आलेली नणंद बसली. माझ्या सासूबाई तर डॉक्टरचं निमित्त काढून आठवड्याला फैजपूरला जाऊ लागल्या. तब्येत ठणठणीत होती. येताना मात्र चेहरा धुतल्यासारखा दिसायचा. नाना कुणाचं कुणाला सांगत नसत. "चार सीटांच्या गाडीत मानूस बोलत नही, नुसता बसून राह्यते," असं त्यांचं म्हणणं. मी नोकरी करायचं म्हणते, हे नवऱ्याच्या आधी मी नानांना सांगितलं ते तिथेच.

बाकी त्या गाडीचे हाल बघवत नसत. केळीच्या ट्रकवाल्यांना ती दिसायचीच नाही, म्हणून नानांनी मागे एक बांबूची काठी बांधून तिला काकूंच्या जुन्या केशरी पातळाची पट्टी लावली होती. मोठा गतिरोधक आला की गाडी खाली घासू नये म्हणून शेजारच्याला उतरवायचे. "उतर. गाडीले पोट हाये." सासूबाई पिशवी सांभाळत उतरायच्या, गाडी रिकामी होऊन तिरकी तिरकी पलीकडे जायची, मग त्या पुन्हा चढायच्या. लोक हसायचे. नानाही हसायचे. रोज सकाळी गाडी पुसताना तिच्याशी काहीबाही बोलायचे. समोरच्या ओट्यावर आबा पेपर धरून बसलेले असायचे, पण पेपरचं पान काही उलटायचं नाही.

शाळेत नोकरी लागली तेव्हा नानांनी मला गाडी शिकवली ती यावलच्या रस्त्यावर. "गाडी कानानं चालवाची. डोये तं सगयायलेच असतात," म्हणायचे. इंजिनाचा आवाज बदलला की मी गिअर बदलायचा, त्यांनी सांगायचं नाही. एकदा माझी पिन सीटखाली पडली. शोधायला वाकले तर डाव्या सीटची खालची, जिच्यावर सीट सरकते ती पट्टी वेगळी दिसली, दुसऱ्या सीटपेक्षा चांगली वीतभर लांब आणि चकचकीत.

"ही कंपनीची नाही वाटतं नाना?"

"मीच केली, गाडी घरी आनाच्या आधी. कंपनीची आखूड व्हती."

"इतकी मागे कशाला लागते सीट?"

"कोनी उंच मानूस बसला तं?"

आमच्या घराण्यात उंच म्हणावं असं कुणी नाही. पण मला शाळेत वेळेवर पोचायचं होतं, मी विषय सोडून दिला.

गेल्या हिवाळ्यात नानांच्या छातीत दुखलं. जळगावच्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. मी दुपारी घरी आले आणि सरळ आबांसमोर जाऊन उभी राहिले. सुनेने असं उभं राहायचं नसतं, पण तोवर मला पुढच्या सीटवर बसायची सवय झाली होती.

"आबा, चला. मी नेते. नानांच्याच गाडीतून नेते."

आबा काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. "आज नको," ते म्हणाले. "उद्या जाऊ. त्याले सांग, भाऊ उद्या येते."

मी तशीच परत गेले आणि नानांना सांगितलं. त्यांच्या नाकावर ऑक्सिजनचा मास्क होता. तो त्यांनी हाताने बाजूला केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत काहीतरी आलं. "कशात येते?"

"तुमच्या गाडीत, नाना. मीच आणणार आहे."

"सीट मांगं हाये ना?"

मला एकदम सगळं कळलं. ती लांब पट्टी, प्रत्येक वेळचं ते वाकणं, आणि ही बसकी गाडीसुद्धा, जिच्यात पाय दुमडून बसावंच लागत नाही, समोर लांब सोडून बसावं लागतं. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला हौस सुचली. हौस होतीच. पण नाशिकला त्यांनी आधी डाव्या सीटवर बसून, एक पाय ताठ करून बघितला असणार.

"मागेच आहे, नाना. पार मागे आहे."

"मंग बसते तो," ते म्हणाले, आणि मास्क परत लावून घेतला.

सकाळी मी उठून अंगणात आले तर आबा ओट्यावर तयार बसले होते. धुतलेलं धोतर, टोपी, हातात काठी. मी गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडत होते आणि दवाखान्यातून नवऱ्याचा फोन आला. आबांना सांगावं लागलं नाही. माझ्याकडे बघून त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

अस्थी चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर न्यायच्या होत्या. पुरुषमाणसं मोठ्या गाडीत बसली, आबांसाठी मागची सीट मोकळी ठेवलेली. आबा तिकडे गेलेच नाहीत. नवऱ्याच्या हातातून त्यांनी कलश घेतला आणि मला म्हणाले, "त्याची गाडी काढ." कुणीतरी म्हणालं, बायका जात नाहीत तिथे. आबा म्हणाले, "मंग तुम्ही चालवा ती." ती गाडी माझ्याशिवाय कुणाला चालवता येत नव्हती.

मी दार उघडून धरलं. आबा आधी पाठ करून टेकले, मग सवयीप्रमाणे दोन्ही हातांनी ताठ पाय उचलून आत घेतला. पाय अडेल म्हणून मी पुढे झाले. तो अडला नाही. सरळ आत गेला आणि अंगठ्याच्या पुढे थोडी जागाही उरली. आबा त्या पायाकडे बघत बसले. मग खाली हात घालून त्यांनी सीटची कड चाचपली, ती कुठवर मागे गेली आहे ते बघितलं. त्यांच्या हनुवटीवरून पाणी कलशाच्या फडक्यावर पडत होतं आणि ते पुसत नव्हते.

"कवापासून अशी हाये?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

मोठ्या गतिरोधकापाशी त्यांना उतरा म्हणवेना. मी तिरकी घातली, तरी खाली घासलंच. "लागलं का तिले?" आबा म्हणाले. मी नाही म्हटलं. बागा संपल्या, रस्ता सरळ लागला. मी जपून, सावकाश चालवत होते. मागच्या काठीवरची काकूंची पट्टी फडफडत होती. आबांनी एक हात कलशावर ठेवला होता, दुसरा दारावर.

"इतकी हयू काहून चालवते?" ते एकदम म्हणाले. "पयव. त्याले आवडे."

इंजिनाचा आवाज ऐकला, गिअर टाकला आणि मी गाडी पळवली. आबांनी डोळे मिटले नाहीत. वाऱ्याने टोपी उडेल म्हणून काढून कलशाशेजारी ठेवली आणि समोर बघत राहिले.

परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आबा पाय उचलून बाहेर आले आणि ओट्याकडे गेले. मी किल्ली काढण्याआधी डावीकडे वाकले, सीटखाली हात घातला, खटका ओढला आणि मागे रेटलं. सीट हलली नाही. ती होती तिथेच, पार मागे होती.