माझ्या नणंदेच्या पिसवा

भांड्याचा मूळ उद्देश मान्य न करणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली, आणि ती माझी नणंद. घागर पाण्याची, बरणी लोणच्याची, डबा चिवड्याचा, ही जी साधी समजूत घेऊन तुम्ही-आम्ही संसार करतो, ती तिला कधी शिवलीच नाही. तिच्या मते जगातली सगळी भांडी एकाच कामासाठी घडवलेली होती, आणि ते काम म्हणजे पिसवा पाळणे. लग्न होऊन मी पुण्याहून बंगळुरात, चामराजपेटेतल्या सासरी आले, ती नव्वदीची पहिलीच वर्षं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तहान लागली म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीतला काचेचा पेला उचलला आणि तोंडाला लावणार, तोच मागून किंकाळी आली, "वहिनी, नको! त्या गरोदर आहेत!" मी पेला उजेडात धरला. आत राईच्या दाण्याहून बारीक, काचेसारखे पारदर्शक असे असंख्य ठिपके टुणटुण उड्या मारत होते. तिला काळजी माझी होती की त्यांची, हे मी विचारलं नाही. उत्तर तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

ती तेव्हा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. पेल्यातल्या त्या पाणपिसवा. पुस्तकातलं नाव डाफ्निया. नावाला पिसवा, पण गोत्र कोळंबी-खेकड्यांचं, आणि आहार शेवाळ. तळ्यांवर उन्हाळ्यात हिरव्या रंगासारखी जी साय धरते, तिच्यातलं काही शेवाळ विषारी असतं. ते पाण्यात औषध न ओतता, नुसत्या पिसवांकडून चरून घेऊन संपवता येईल का, हा तिचा प्रयोग. तिच्या कॉलेजात जागा अपुरी होती आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने पिसवा मरत, आणि आमच्या परसात विहीर होती, म्हणून प्रयोगाचा मोठा भाग आमच्या घरात आला होता. मोरीतली बादली, देवघरामागची स्टीलची परात, माझ्या रुखवतातला काचेचा सेट, सगळीकडे पिसवांची बिऱ्हाडं. तळ्याचं पाणी ती कॅनमध्ये भरून बेळ्ळंदूरहून बसने आणायची. एकदा कंडक्टरने कॅनकडे संशयाने बघत विचारलं, आत काही जिवंत आहे का? खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. "आहे," ती म्हणाली, "पण सगळ्या उभ्यानंच येतील." त्याने तिला कॅनसकट पुढच्या थांब्यावर उतरवलं, आणि ती उरलेली वाट चालत आली. घरी आल्यावर तक्रार कसली, तर उन्हाने पाणी तापलं याची.

माणसांपेक्षा पाण्याकडे तिचं लक्ष जास्त असायचं. कुणाच्याही घरी गेलं की ही आधी मागच्या अंगणात जाऊन हौद बघणार, ओंजळीत पाणी घेऊन हुंगणार, आणि मग यजमानांना नमस्कार करणार. एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी ती दिसेनाशी झाली. अक्षता संपल्यावर ती कार्यालयामागच्या टाकीत रेशमी साडीसकट वाकलेली सापडली. सासूबाई मात्र कडक सोवळ्याच्या. पाणी दोनदा गाळून पिणाऱ्या. लेकीच्या या गोतावळ्याकडे त्या कपाळाला आठ्या घालूनच बघत. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "एवढ्या पिलावळीत नवरे कोणते गं?"

"नसतात, आई. पाणी चांगलं, खायला भरपूर, असं असलं की सगळ्या बायकाच. आपापल्या पोरी जन्माला घालतात. दिवस वाईट आले की मग पुरुष पैदा होतात."

सासूबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी ताटातल्या सारात नजर बुडवली. "शहाण्या आहेत," सासूबाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून परात देवघरामागून हलवा हा आग्रह त्यांनी सोडला.

हे सगळं गमतीत चाललं होतं, तोवर बंगळुराजवळच्या होसकोट्याहून चुलत सासऱ्यांचा निरोप आला. त्यांना आम्ही काका म्हणत असू. काकांच्या मळ्यात दगडी पायऱ्यांचं एक जुनं तळं होतं. त्या वर्षी त्याच्यावर हिरवी साय दाटली होती आणि ते पाणी पिऊन दोन वासरं मेली होती. काकांनी मोरचुदाचं पोतं आणून ठेवलं होतं. तळ्यात ओतून एकदाचा निकाल लावायचा, असं त्यांचं ठरलं होतं. नणंद मला घेऊन पहिल्या बसने होसकोट्याला गेली. तिथे जे झालं त्याला चर्चा म्हणणं कठीण आहे. ती पोत्यावर बसली आणि उठेना.

"पुट्टी, वासरं मेलीत माझी," काका म्हणाले. पुट्टी म्हणजे कानडीत छोटी; तिथे तिला सगळे तेच म्हणत. "खेळ नव्हे हा."

"म्हणूनच सांगते, काका. मोरचुदाने शेवाळ एकदम मरतं, पण मरताना आतलं विष पाण्यात सोडतं. आणि काकूंचे मासेही जातील. मला संक्रांतीपर्यंत वेळ द्या."

मासे हा शब्द ऐकून काकू दारात आल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. तळ्यातले कटला मासे हेच त्यांचं गणगोत. रोज संध्याकाळी पायरीवर बसून त्या त्यांना चुरमुरे घालत, प्रत्येकाला नावाने हाक मारत, आणि दिवसभरात काकांनी काय काय केलं त्याची तक्रार त्यांच्याकडे करत. "देऊन टाका की वेळ," काकू म्हणाल्या. काकांनी दिला. गुरं विहिरीवर न्यायची आणि तळ्याभोवती काटे लावायचे, ही अट नणंदेनेच घातली.

एक बरणी सोडून घरातली बाकी सगळी बिऱ्हाडं मोडून तिने पिसवा होसकोट्याला नेल्या आणि काठाशी सोडल्या. आम्ही दोघी मोठ्या थाटात चार दिवस तिथेच राहिलो. रोज ती पेल्याने पाणी काढून उन्हात धरायची. दुसऱ्या दिवशी थोड्या दिसल्या, तिसऱ्या दिवशी तुरळक, आणि मग एकही नाही. शेवाळ मात्र होतं तसंच. संध्याकाळी काकू कौतुकाने म्हणाल्या, "पुट्टी, तू आल्यापासून मासे चुरमुरे खाईनात बघ. पोटं भरलेली दिसतात." तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन वर्षं वाढवलेल्या पिसवा काकूंच्या माशांनी चार दिवसांत फस्त केल्या होत्या. ती पायरीवर मटकन बसली. एरवी मी तिची थट्टाच केली असती; त्या संध्याकाळी तिच्या हातातला पेला काढून घेतला आणि शेजारी बसले.

नणंद घरी आली ती ताप घेऊनच. डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला. आता पिसवांची एकच बरणी उरली होती आणि तिला वाली नव्हता. मी रोज सकाळी बरणी बघायला जाई, तर कोणीतरी आधीच पाणी बदललेलं, भिजवलेल्या यीस्टचे थेंब घातलेले. मला वाटलं, हिचाच अण्णा, म्हणजे माझा नवरा, गुपचूप करत असावा. मग एकदा पहाटे लवकर उठले, तर सासूबाई ओलेत्याने उभ्या, सोवळ्यातल्या पंचाने विहिरीचं पाणी गाळून बरणीत सोडत होत्या. मला पाहून त्या ओशाळल्या. "बाळंतिणी आहेत गं बिचाऱ्या," म्हणाल्या, "उपाशी कशा ठेवायच्या?" नणंद उठून बसेपर्यंत बरणीच्या चार बरण्या आणि दोन पराती झाल्या होत्या.

दुसऱ्या खेपेला मासे आधी काढायचे होते. नणंदेने काकूंना ते सांगितलं, तेव्हा काकू पदराचं टोक चाळवत म्हणाल्या, "सरी, बरं. पण हळू धरा." आम्ही सगळे तळ्यात उतरलो. माझा नवरा बँकेतून रजा काढून आला होता. काकांनी धोतर खोचलं, सासऱ्यांनी चष्मा पाण्यात घालवला. जुन्या साड्या ताणून आधी सगळी साय ओढून काढली, कारण शेवाळाचे मोठे गोळे पिसवांच्या तोंडात मावत नाहीत. मग मासे एकेक करून विहिरीजवळच्या सिमेंटच्या टाकीत नेले. गोठ्याचं पाणी तळ्यात जात होतं, तो चर काकांनी भाजीच्या वाफ्यांकडे वळवला. शेवाळाला खाऊ तिथूनच मिळत होता, हे नणंदेने त्यांना पटवलं होतं. आणि मग पिसवा सोडल्या.

संक्रांतीला आम्ही तिळगूळ घेऊन गेलो. काका फाटकातच उभे होते. ते आम्हाला थेट तळ्यावर घेऊन गेले. पाण्याखालच्या पायऱ्या पार तळापर्यंत दिसत होत्या. सबंध पाण्यात बारीक बारीक ठिपके उडत होते. "माझ्या लहानपणी असं दिसायचं," काका म्हणाले, आणि उपरण्याने उगीच तोंड पुसत राहिले. कॉलेजात पाणी तपासून होईपर्यंत नणंदेने एकाही गुराला तिथे फिरकू दिलं नाही. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, हा उपाय बेळ्ळंदूरच्या तलावाला चालेल का? हो म्हणाली असती तर सगळे खूश होते. ती म्हणाली, "नाही सर. आधी सांडपाणी थांबवावं लागेल. माझ्या पिसवा काही महानगरपालिका नव्हेत." मार्क बेताचेच पडले.

निकालानंतर तिला धारवाडच्या एका कॉलेजात नोकरी लागली. जायच्या आधी ती मला म्हणाली, "वहिनी, होसकोट्याला जाऊन येऊ." मला वाटलं, निरोप घ्यायला. तिथे काकू सिमेंटच्या टाकीच्या काठावर बसल्या होत्या. मासे तळाशी सुस्त पडून होते, हाकेला वर येत नव्हते. चुरमुरे पाण्यावर भिजून फुगले होते. काकूंनी आम्हाला चहा केला, चौकशी केली, माशांबद्दल एक अक्षर काढलं नाही. चहा संपल्यावर नणंदेने पदर खोचला आणि काकांना हाक मारली, "काका, टाकी गुरांना लागेल आता. रिकामी करून देते."

"आणि तुझ्या पिसवा?" मी विचारलं.

"स्वल्प उरतील कोपऱ्याकोपऱ्यात. पाणी जरा हिरवट होईल. पण चर वळवलाय, पूर्वीसारखं होणार नाही." मग काकूंकडे न बघता हळूच म्हणाली, "काकूंनी बोलायचं कोणाशी, वहिनी?"

पहिला मासा तिने स्वतः ओंजळीतून सोडला. तो क्षणभर थबकला, मग शेपटी मारून त्या ठिपक्यांच्या गर्दीत शिरला. काकू पायरीवर बसून एकेकाला नावाने हाका मारू लागल्या. नणंद गुडघाभर पाण्यात उभी राहून पाहत होती. जिथून मासा जाई तिथलं पाणी रिकामं होत जाई. "जेवा," ती म्हणाली, "पोटभर जेवा."

परतीच्या बसमध्ये तिने खिडकीची जागा घेतली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिला चिडवायला माझ्याकडे निदान तीन वाक्यं तयार होती. व्हाइटफील्ड मागे पडलं, शहराचे दिवे दिसू लागले, तरी मी त्यातलं एकही बोलले नाही.