खंडेनवमीचा बार
झेंडूच्या वासात मला अजून बारुदीचा वास येतो. इंग्रजांच्या काळात आमच्या कुहीच्या शेतावर धानात रानडुकरं शिरत, म्हणून मी परवान्याची बंदूक घेतली होती. त्या खंडेनवमीला नागपूरच्या घरी ती पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. अंगणात शेजारी दर्शनाला जमले होते. बायकोने विचारलं, "अवो, उघडून पाह्यली का? काडतूस असन तिच्यात." शेतावरून आल्यावर मी पाहिलंच नव्हतं. तरी म्हणालो, "मले शिकवून राहिली काय वं? कुंकू लागल्यावर शस्त्राले हात लावत नसतात." ती नमस्काराला पाटापुढे वाकली. हार तिरपा दिसत होता, तो सरळ करायला मीच हात घातला. बोट चापाला लागलं आणि बार उडाला. छर्रे तिच्या वाकलेल्या डोक्यावरून भिंतीत घुसले. शेजारी धावत आत आले, "काय झालं गा?" मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "माहाच हात लागला." मी 'हो' म्हणून मान हलवली. आता ती नाही. कुंकू लावण्याआधी मी बंदूक दोनदा उघडून पाहतो. लोक म्हणतात, बायकोच्या चुकीनं शहाणा झाला. मी अजून मान हलवतो.