‘माहीत नाही’ म्हणणारी साक्षीदार

ती घटना मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरायचं म्हटलं तरी माझी धाकटी बहीण विसरू देणार नाही. वाचकांना आधीच सांगून ठेवतो की या प्रकरणात खून नाही, दरोडा नाही, कुठल्या ठाण्यात गुन्हाही दाखल नाही. पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो, त्यानंतर पहिल्याच वर्षी हे प्रकरण माझ्याकडे आलं. नोकरीतल्या कुठल्याही तपासात पडलो नसेन इतक्या वेळा मी यात तोंडघशी पडलो. नावं कुणाचीच देत नाही, ती सवय जुनी आहे.

फिर्यादी म्हणजे माझी ही बहीणच. गंगापूरला घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान आहे. लाकडावर आणि अ‍ॅक्रिलिकवर अक्षरं कोरून द्यायची. घरावरच्या पाट्या, रुखवतात ठेवायच्या चौकटी, बुद्धवंदना कोरलेल्या फळ्या, शाळांच्या बक्षिसाच्या ढाली. हे काम लेझर मशीनवर होतं. संगणकावर अक्षरं मांडायची, झाकण लावायचं, आणि आतला किरण ती अक्षरं लाकडात जाळत जातो. पहिलं मशीन तिनं मोबाईलवरची जाहिरात बघून मागवलं होतं. विकणारा मशीन पोचेपर्यंत दिवसातून दोनदा फोन करायचा. मशीन बिघडल्यावर त्याचा फोन कायमचा बंद. आमच्या भाषेत, फरार.

बिघाडही विचित्र होता. सकाळी अक्षरं खोल आणि काळीभोर उमटायची, दुपारनंतर फिकी पडायची. गावातल्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या ढाली त्यातच अडकल्या. अर्ध्या मुलांची नावं शेवटी मार्कर पेननं गिरवून द्यावी लागली. मुख्याध्यापक बाई एक शब्द बोलल्या नाहीत. बहिणीला तेच लागलं. पुढच्या वर्षी त्याच बाई पुन्हा दुकानात आल्या आणि म्हणाल्या, यंदा जमेल की नाही तेवढं आधी सांगा.

त्या दिवशी तिचा मला फोन आला. दुसरं मशीन घ्यायचं ठरलं होतं. हेही बिघडलं तर दुकान बंद करून पुन्हा शिवणकामाला लागायचं, असं घरात बोलून झालं होतं. मला म्हणाली, “दादा, तू नुसता सोबत ये. काही बोलू नको.”

मी तपास हाती घेतला.

तपासाची सुरुवात खबरीपासून होते. सकाळी फिरायला येणारा आमचा एक निवृत्त हवालदार आहे. नोकरीत त्याची खबर सहसा खोटी निघाली नाही. तो म्हणाला, शहरात चिकलठाण्याकडं एक मोठी पार्टी आहे, एसी शोरूम, लई भारी मशीनं. मी तेवढ्यावर कारवाई केली. खबर पडताळून पाहावी हा नियम मी स्वतः नव्या फौजदारांना शिकवत असे, तो त्या दिवशी घरी राहिला.

शोरूम खरोखर भारी होतं. मालकानं आम्हाला गार पाणी दिलं, मग चहा दिला, मग माझ्या हुद्द्याचा अंदाज बांधून मला ‘साहेब’ करून टाकलं. काचेमागं मशीन चालू होतं आणि त्यातून मोराचं चित्र निघत होतं. मी नेहमीच्या पद्धतीनं प्रश्न टाकले. वॉरंटी, सुटे भाग, शिकवायला कोण येणार, गंगापूरला लाईट कमी-जास्त होते त्याचं काय. गडी कुठं अडला नाही. प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार. बहिणीनं तिच्या जुन्या मशीनची तक्रार सांगितली, दुपारनंतर अक्षरं फिकी पडतात, आणि विचारलं की तुमच्या मशीनला असं झालं तर कोण बघणार? तो हसून म्हणाला, “टेन्शन कायकू लेते ताई, होऊन जाईल.”

बाहेर आल्यावर मी निकाल देऊन टाकला. न अडखळता, नजर न चुकवता बोलणारा साक्षीदार कोर्टात टिकतो. हाच घ्यावा.

ती स्कूटीवर हेल्मेट घालत म्हणाली, “होऊन जाईल म्हणजे काय होऊन जाईल, ते त्याला तरी कळलं का?”

दुसरा विक्रेता शहरातच, क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत होता. वर जिना, आत दोन मशीनं, भिंतीला सुट्या भागांचे खोके रचलेले. दुरुस्तीचं काम बघणारी एक मुलगी टेबलाशी बसली होती, पंचविशीतली असेल. बहिणीनं तीच तक्रार तिच्यापुढं मांडली. दुपारनंतर अक्षरं फिकी कशानं पडतात?

ती थोडी थांबली आणि म्हणाली, “माहीत नाही. मशीन आमचं नाही, मी बघितलेलं नाही. तुमच्याकडं काय काय आहे ते विचारून, बघून सांगते.”

आता हे दोन शब्द माझ्या कानाला काय आहेत, ते वाचकांनी समजून घ्यावं. ठाण्यात आणलेला माणूस पहिलं वाक्य हेच बोलतो. चोरीचा माल घरात सापडलेला असतो आणि तो म्हणतो, माहीत नाही साहेब. माझी उभी नोकरी हे दोन शब्द माणसाच्या तोंडातून घालवण्यात गेली. त्यामुळं मी खुर्ची पुढं ओढली. तोच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला. मग उलटा करून विचारला. ही आमची जुनी रीत, खोटं बोलणारा तिसऱ्या वेळी जबाब बदलतो. मुलीनं तिन्ही वेळा शांतपणे सांगितलं की तिला माहीत नाही. शेवटच्या वेळी जरा मोठ्यानं सांगितलं.

जिना उतरताना मी म्हणालो, ही काहीतरी लपवतेय.

“दादा, ती आरोपी नाय,” बहीण म्हणाली. “आन् तू कामून आवाज चढवत होतास? लेकरू भ्यालं असतं.”

इथून पुढचा तपास तिनं माझ्या हातातून काढून घेतला, आणि तो तिनं कसा केला ते मी कौतुकानं सांगतो. दोन्ही ठिकाणांहून तिनं जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते मागितले. चिकलठाण्याच्या शोरूमनं दिलेला पहिला पत्ता लासूर स्टेशनचा होता, लग्नपत्रिका छापणाऱ्याचा. आम्ही गेलो. मशीन होतं, नवंकोरं होतं, पण त्यावर चादर घातली होती आणि चादरीवर पत्रिकांचे गठ्ठे रचलेले होते. मालक म्हणाला, मशीन एक नंबर आहे, फक्त बंद आहे. शोरूमवाले येणार आहेत. कधी? तो हसला. होऊन जाईल म्हणतात.

मग तिनं शोरूमला वेगवेगळ्या वेळी फोन लावले आणि तोच प्रश्न विचारला. दर वेळी वेगळा माणूस बोलला. एकानं किरण सोडणारी ट्यूब बदला म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं लाकूड ओलं असेल म्हणून, तिसऱ्यानं संगणक फॉरमॅट करा म्हणून. तिघांनाही आपापल्या उत्तराची शंभर टक्के खात्री होती. तिघांच्या जबाबात इतकी तफावत असलेलं प्रकरण मी दोषारोपपत्रापर्यंत कधी नेलं नसतं, आणि मी मात्र त्याच माणसाची शिफारस करून बसलो होतो.

गल्लीतल्या मुलीला तिनं फोन केलाच नाही. “तिनं सांगते म्हणलंय. बघू सांगते का.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गंगापूरला जेवायला होतो तेव्हा त्या मुलीचाच फोन आला. बहिणीनं स्पीकर लावला. मुलीनं एकेक गोष्ट विचारायला सुरुवात केली. ट्यूब गार ठेवायला पाणी फिरतं ना, ते कुठून येतं? बहीण म्हणाली, बादलीतून, आत छोटा पंप सोडलाय. मी चमकून बघितलं. ती निळी बादली मी प्रत्येक वेळी बघत होतो. फरशी पुसायची म्हणून आदल्या खेपेला पायानं बाजूलाही सारली होती. तीस वर्षं घटनास्थळाचे पंचनामे करणाऱ्या माणसानं वस्तूला पाय लावला आणि तिची नोंद घेतली नाही.

बहीण मशीनपाशी होती आणि दादा बादलीजवळ आहे म्हणाली, म्हणून मुलीनं मला विचारलं, काका, पाण्यात हात घालून सांगता का, कसं लागतंय?

मी बोटं बुडवली आणि सांगितलं, नेहमीसारखं आहे.

ती म्हणाली, “नेहमीसारखं म्हणजे? तुम्ही याआधी कधी हात लावून बघितला होता?”

मी बोटं बाहेर काढली. खोट्या साक्षीदाराला पकडण्याचा याहून सरळ प्रश्न माझ्या ऐकण्यात नाही, आणि साक्षीदार मी होतो. बहीण तोंडावर पदर धरून हसत होती. मी पुन्हा हात घातला, या वेळी नीट, आणि सांगितलं की पाणी कोमट आहे, वरून तर चांगलंच गरम आहे.

मग तिनं विचारलं की बादलीवर ऊन कधी येतं. बहिणीनं खिडकीकडं बघितलं. दुपारनंतर. पश्चिमेची खिडकी.

प्रकरण तिथं फुटलं. सकाळी पाणी गार, ट्यूब जोरात. दुपारी बादली उन्हात, पाणी तापलं की ट्यूब ढेपाळते आणि अक्षरं फिकी पडतात. आम्ही पंप बंद केला, बादली आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेली, माठातलं गार पाणी भरलं, पंप पुन्हा चालू केला, मग एक जुना तुकडा कोरून बघितला. ‘शुभ’ हा शब्द काळाभोर उमटला. बहिणीनं त्यावरून अंगठा फिरवला.

पलीकडून मुलगी म्हणाली, लगेच खूश होऊ नका. इतके दिवस तापून ट्यूब थकलेली असणार. शाळेच्या ढाली यावर निघतील का, हे मी आज सांगू शकत नाही. आणि या मशीनचे भाग इथं मिळतील याची खात्रीही देत नाही.

तिनं त्या फोनवर आपलं मशीन घ्या असं एकदाही म्हटलं नाही. फोन ठेवल्यावर बहीण म्हणाली, ठरलं.

मी विचारलं, काय बघून ठरलं? मोराचं चित्रसुद्धा तिनं दाखवलं नाही.

“दादा, मशीन कुणाचं बी बंद पडणारच हाय. त्या दिवशी माझ्या बाजूला कोण उभं राहील, तेवढंच मला बघायचं होतं. ज्याला सगळं येतं, त्याला माझं ऐकायची गरजच नाय ना.”

मी नोकरीत बरीच प्रशिक्षणं केली. मुलाखत तंत्रावर आठवडाभराचा वर्ग केला, त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे. त्या वर्गात हे वाक्य नव्हतं.

नवं मशीन आलं तेव्हा मुलगी स्वतः एसटीनं आली. सोबत पाणी गार ठेवणारी वेगळी पेटी होती. आल्याआल्या तिनं मशीनचं खोकं उघडलं नाही. आधी खिडकीला पडदा लावून घेतला, मग घराची अर्थिंग तपासली, ती नीट नव्हती म्हणून वायरमनला बोलावलं आणि तो येईपर्यंत बहिणीच्या हातची भाकरी खाल्ली. जेवताना तिनं मला अगदी अदबीनं विचारलं, काका, रागवू नका, त्या दिवशी तुम्ही एकच प्रश्न तीनदा विचारला. तुम्हाला ऐकायला कमी येतं का? मी ‘थोडंसं’ म्हणालो. खरं कारण सांगण्यापेक्षा ते बरं होतं.

ढाली कोरताना मशीन एकदा अडलंच. ऐन घाईत मशीनच्या पडद्यावर लाल अक्षरं आली आणि सगळं थांबलं. बहिणीनं फोन केला. तिकडून उत्तर आलं की हे पहिल्यांदाच बघतेय, बघून सांगते, तोवर बटणाला हात लावू नका. तोवर म्हणजे आमचा चहा होईपर्यंत, तेवढ्यात तिचा फोन परत आला. वरचं झाकण घट्ट बसलं नव्हतं, म्हणून मशीन स्वतःहून थांबलं होतं. झाकण दाबलं आणि काम पुढं सुरू.

या प्रकरणानं मला एवढं शिकवलं की खात्री आणि माहिती या दोन वेगळ्या वस्तू आहेत. खात्री आवाजात असते, ती कुणीही आणू शकतो. माहिती असलेला माणूस मध्येच थांबतो, विचारतो, आणि परत फोन करतो. परत येणारा तो फोन हाच पुरावा.

स्नेहसंमेलनाला मी गेलो होतो. मागच्या रांगेत बहिणीशेजारी उभा होतो. पहिल्या मुलीचं नाव पुकारलं गेलं. ढाल हातात पडल्यावर तिनं पाहुण्यांकडं बघितलंच नाही. आपलं नाव शोधलं, त्यावरून बोट फिरवलं आणि खाली बसलेल्या आईला ते बोट ठेवूनच दाखवलं. मुख्याध्यापक बाईंनी मान वळवून मागं बघितलं आणि बहिणीला नुसता हात केला.

मी म्हणालो, थांबू या ना, पुढं नाटक आहे. ती म्हणाली, दुकानात गिऱ्हाईक येऊन बसलं असेल. तिनं स्कूटी चालू केली आणि मी मागं बसलो.