बुरूज मोठा की भिंगरी

रविवारी सकाळी न्हाव्याच्या दुकानात वस्तऱ्यापेक्षा जिभाच जास्त चालायच्या. विषय ठरलेला. शहराच्या हेवीवेट बॉक्सिंगच्या गादीवर आजवर जे जे बसले, त्यांत सगळ्यात मोठा कोण? न्हावी जुन्या काळच्या हातोड्याच्या बाजूचा. हातोड्याला त्याने स्वतः कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या बापाने पाहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर बापानेही तिकीट न काढता, बाहेरच्या झाडावर बसून.

"त्या काळचे ग्लोव्हज म्हणजे नुसती कातडी हो! आणि पंधरा राउंड! नाहीतर हे आताचे बारावाले. सहाव्यातच धापा टाकतात."

"तुझ्या हातोड्याचं वजन किती होतं रे?" खुर्चीतून, गालाला फेस लावलेले कापूसकाका विचारायचे. "आत्ता गादीवर असलेल्या भिंगरीपेक्षा वीस किलो कमी. भिंगरीने नुसती फुंकर मारली असती तरी तुझ्या बापाच्या झाडावर जाऊन बसला असता."

"म्हणजे भिंगरी मोठा?"

"भिंगरी तर पळतो. गोल गोल फिरतो म्हणून तर नाव पडलं. मोठा एकच, बुरूज. चौतीस लढती, पण एकदाही पडला नाही."

इथे न्हावी वस्तऱ्याकडे वळायचा. बुरूज हा काकांच्या धाकट्या बहिणीचा नवरा. अकरा वर्षं त्याच्या कोपऱ्यात उभे होते ते काकाच.

काका एरवी कारखान्याच्या दवाखान्यात मलमपट्टी करायचे. लढतीच्या दिवशी मात्र त्यांचं काम वेगळं. दोन राउंडांमधल्या एका मिनिटात बॉक्सरची फुटलेली भुवई बंद करायची. मिनिट म्हणायचं आपलं. गडी स्टुलावर टेकेपर्यंत आणि उठेपर्यंतचा वेळ वजा केला की चाळीस सेकंद उरतात. औषधात बुडवलेली कापसाची एक काडी दातात, दोन कानांवर. म्हणून कापूसकाका. रक्त ते कधी पुसत नसत, दाबून धरत. "पुसतात ती फरशी," असं म्हणायचे, आणि या वाक्यावर स्वतःच सगळ्यात आधी हसायचे.

त्यांच्या हाताचा दबदबाच तसा होता. रिंगजवळचा डॉक्टर टॉर्च घेऊन आला की जखमेकडे बघण्याआधी काकांच्या तोंडाकडे बघायचा. काका "थांबलं" म्हणाले की लढत पुढे चालू. "थांबत नाही" म्हणाले की तिथेच संपली, आणि ज्याचं रक्त तो हरला.

बुरुजाच्या शेवटच्या लढतीत नवव्या राउंडनंतर भुवईतून हाड दिसत होतं. काकांनी ती जखम मिटवली. डॉक्टरला म्हणाले, "थांबलं." तेव्हाही राउंड पंधराच होते. मग बुरुजाने आणखी सहा राउंड डोक्यावर मार खाल्ला, पडला नाही, आणि गादी राखली. लोकांनी काकांनाही खांद्यावर घेतलं होतं.

आता बुरूज बावन्न वर्षांचा. खिडकीपाशी खुर्चीत बसतो. शर्टाची बटणं बायको लावते. कधी तिलाच विचारतो, "ताई, तुमचं घर कुठलं?" ती म्हणते, "इथलंच," आणि पुढचा घास भरवते.

एकदा ती भांडी घासता घासता म्हणाली, "दादा, दुकानात ह्यांच्याबद्दल काय सांगत असतोस रे?"

"सगळ्यात मोठा म्हणतो. खोटं आहे का?"

"तुझा हात इतका चांगला नसता ना, तर हे त्या दिवशी हरले असते. हरून घरी आले असते."

ती चिडलीही नव्हती. ताट विसळून तिने पालथं घातलं. पुढच्या रविवारपासून काका दुकानात फक्त दाढीपुरतं तोंड पुढे करू लागले. न्हाव्याने हातोडा अगदी आभाळाला टेकवला, तरी हूं नाही की चूं नाही.

अशात भिंगरीचा कापूसवाला जिन्यावरून पडला आणि मनगट मोडून बसला. लढत चार दिवसांवर. भिंगरी स्वतः दवाखान्यात आला. "काका, तुम्ही मला पळपुटा म्हणता, माहीत आहे. पण हात तुमच्यासारखा कुणाचा नाही."

स्तुतीला भुलत नाही असा म्हातारा अजून जन्मायचाय. काका गेले.

शनिवारी दुपारी लढत झाली. चौथ्या राउंडपासून भिंगरीचं फिरणं मंदावलं. कानशिलावर ठोसे बसत होते. पाचव्यात डावी भुवई फुटली. घंटा झाली तेव्हा तो भलत्याच कोपऱ्याकडे चालू लागला. पंचाने दंड धरून वळवला. लोक हसले. काका हसले नाहीत. नवव्यानंतर बुरूजही असाच भलतीकडे निघाला होता.

जखम तशी किरकोळ. असल्या तीन काका जेवणाच्या सुट्टीआधी मिटवत. त्यांनी काडी दाबली. अंगठ्याखाली रक्त थांबल्याचं त्यांना कळलं. डॉक्टर आला, नेहमीप्रमाणे तोंडाकडे बघत.

"थांबतंय?"

काकांनी अंगठा दाबूनच बाजूला ओढला. जखम पुन्हा उघडली. "थांबत नाही."

"काका, दाबा ना!" भिंगरी ओरडला. "अहो, दाबा!"

गादी गेली. न्हाव्याच्या दुकानात निकाल लागला की काकांचा हात म्हातारा झाला. आठव्या दिवशी भिंगरी टाके काढायला काकांच्या दवाखान्यात आला. त्याने दार लावून घेतलं.

"खरं सांगा. थांबलं असतं?"

"थांबलं होतं."

भिंगरीचा हात वर गेला. त्याच हाताने त्याने दाराची कडी काढली. मग तो म्हणाला, "कुणाला सांगणार नाही. पण पुन्हा माझ्यासमोर येऊ नका."

सात महिन्यांनी तो पुन्हा लढला. कोपऱ्यात नवा कापूसवाला, हात उत्तम. तीच भुवई तीनदा फुटली, त्याने तीनदा मिटवली. बारा राउंड भिंगरी मार खात आणि देत उभा राहिला, पडला नाही, आणि गुणांवर गादी परत घेतली. न्हाव्याच्या दुकानातल्या टीव्हीसमोर माणसं नाचत होती.

"आता बोला, काका! बुरूज मोठा की भिंगरी?"

काका भिंगरीच्या डोक्यावर बसणारे ठोसे मोजत बसले होते. शंभरानंतर त्यांनी मोजणं सोडलं होतं.

दहा दिवस कसेबसे काढले आणि ते तीन जिने चढून भिंगरीच्या घरी गेले. त्याच्या बायकोने दार अर्धंच उघडलं.

"कशाला आलात? अजून काही हिरावून घ्यायचं राहिलंय?"

"तब्येत विचारायला."

"मस्त आहे. ऐका की, कसा गप्पा मारतोय!"

आत भिंगरी एका पाहुण्याला सहाव्या राउंडची हकिकत रंगवून सांगत होता. पाहुणा खदखदून हसला. कपबशी वाजली. मग भिंगरीने घसा खाकरला आणि तीच हकिकत, त्याच पाहुण्याला, पहिल्यापासून सांगायला घेतली. पाहुणा याही वेळी हसला, जरा थांबून.

काकांनी तिच्याकडे बघितलं. ती नजर चुकवत होती. मग ती बाहेर आली आणि तिने पाठीमागे दार ओढून घेतलं.

"तुमच्या बहिणीला," तिने हळूच विचारलं, "पहिल्यांदा कधी कळलं?"