मशीन घेऊन श्रीगोंद्याला

पुण्याहून निघालो तेव्हा माझ्याजवळ दोन बॅगा होत्या. एकीत दोन दिवसांचे कपडे, दुसरीत ते मशीन. झोपेत माझा श्वास मध्येच थांबतो, म्हणून डॉक्टरांनी रात्रभर मास्कमधून हवा सोडणारे सीपॅप माझ्या गळ्यात मारले. त्याला तीन महिने झाले. श्वास सुरळीत झाला, पण झोप उडाली. मी मास्क लावून छताकडे बघत पडतो आणि मी तो मध्येच काढतो की काय, हे ऐकत शेजारी बायको जागी राहते. "तिकडे गेल्यावर टाळाटाळ करू नका," सुनंदाने निघताना बजावले. मी मान डोलावली. मनात मात्र दोन रात्रींची सुट्टी ठरवूनच टाकली होती.

दौंड सोडून भीमा ओलांडली की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांचे राज्य. एसटी त्यांच्यामागे रांगत होती आणि मलाही घाई नव्हती. श्रीगोंद्याच्या स्टँडवर शब्बीर मोटारसायकल घेऊन उभा होता. आम्ही वीस वर्षे एकाच कचेरीत काढली. निवृत्तीनंतर तो गावाकडे ऊस करतो. त्याने दुसरी बॅग उचलून पाहिली.

"ह्यात काय हाय? फवारणीचा पंप आनला का काय?"

"तसंच काहीतरी," मी म्हणालो. खरे सांगायची लाज वाटली.

वस्तीवर (शेतातल्या घरी) शब्बीरच्या बायकोने, म्हणजे भाभींनी, शेंगोळे वाढले (हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेल्या), सोबत बाजरीची भाकरी. जेवून शब्बीर बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला गेला, कारण त्या आठवड्यात मोटारीची लाईट (पाण्याच्या पंपाला मिळणारी वीज) रात्रीची होती. मी बॅग न उघडताच आडवा झालो आणि पडल्या पडल्या झोपलो. सकाळी डोके जड होते, तोंडाला कोरड पडली होती. तरी स्वारी खूश होती.

रात्रभर जागलेला शब्बीर दुपारी लिंबाखाली खाटेवर झोपला. भाभी शेजारी बसून सुपात तूर निवडत होत्या, मी पेपर चाळत होतो. तो मोठ्याने घोरायला लागला आणि मग एकदम आवाज बंद. छाती वर उठत होती, पण आत काही जात नव्हते. मी पेपर खाली ठेवला. भाभींनी सुपातली नजरही न काढता पायाने खाटेला धक्का दिला. शब्बीरने बुडता माणूस वर यावा तसा श्वास ओढला आणि पुन्हा घोरू लागला. थोड्या वेळाने परत तेच, परत धक्का.

मी असाच झोपतो हे डॉक्टरांनी सांगितले होते. पण आपले घोरणे आपण कधी ऐकलेले असते?

"रोज असंच?" मी विचारले.

"लई वर्सं झाली, भावजी. ते घरात झोपले की माझा डोळा लागत न्हाई. मधीच थांबत्यात ना, भ्या वाटतं."

"मग तुम्ही झोपता कधी?"

"रातची लाईट असली की. ते रानात जात्यात, मी झोपते." त्या हसल्या.

मला हसू आले नाही. सुनंदाला तर रातची लाईटही नव्हती.

शब्बीर उठल्यावर मी मशीन बाहेर काढले आणि मास्क लावून दाखवला. तो पोट धरून हसला. "म्हंजी पंपच निघाला की."

भाभींनी मात्र सूप बाजूला ठेवले. "नगरला तपासून मिळंल का हे?"

"मिळेल."

"मग सोमवारी जाऊ." शब्बीरला कोणी विचारले नाही.

त्या रात्री मी मास्क लावला. झोप तुटक लागली, पण मास्क काढला नाही. दुसऱ्या दिवशी घरी पोचल्यावर सुनंदाने विचारले, "लावलंत ना?" एक रात्र लावला नव्हता, हे मी सांगून टाकले. खाटेचेही सांगितले. मग म्हणालो, "आजपासून तू ऐकत बसू नकोस. मी काढणार नाही."

दिवा मालवला. नेहमीप्रमाणे मी जागाच होतो. थोड्या वेळाने शेजारून बारीक आवाज येऊ लागला. लग्नाला एकतीस वर्षे झाली. सुनंदाही घोरते, हे मला त्या रात्री कळले.