मथुराबाईंचं ‘थांबलंय’

ही गोष्ट मी घरातही कधी सांगितली नाही. निजामाच्या राजवटीतल्या माझ्या नोकरीबद्दल कुणी विचारलं, की विषय बदलत आलो. आता ऐंशी उलटली. मथुराबाईंबद्दलचं खरं लिहून ठेवायला हवं.

नायगावकडच्या मथुराबाई नांदेडच्या दवाखान्यात आल्या तेव्हा बाकावर बसेनात. काखेतलं तरट जमिनीवर पसरत मला म्हणाल्या, “बाक ऱ्हाऊ द्या मुन्शी, मी गळकी घागर हाय.” शेवटच्या बाळंतपणापासून त्यांची लघवी आपोआप गळत असे, खोकलं, हसलं की लुगडं भिजे. तरी वॉर्डातल्या बायांना त्याच हसवत. “तुम्ही हसा गं, मला परवडत न्हाई.” लेकीच्या लग्नात चारचौघींसारखं पंगतीला बसायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

डॉक्टरसाहेब हैदराबादचे, त्यांना मराठी येत नसे. मी बाविशीतला कारकून, त्यांच्यासाठी तर्जुमा, म्हणजे भाषांतर करायचो. ऑपरेशन झालं, टाके घालून लघवीची जागा आवळली. लघवीसाठी घातलेली नळी काढल्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, “पेशाब रुक गया?” त्यांना गळतीबद्दल विचारायचं होतं. मथुराबाई पोट धरून म्हणाल्या, “थांबलंय जी. समदंच थांबलंय.”

लघवी तुंबलीय, हे मला कळलं. पण भोवती पाच-सहा पुरुष उभे, आणि बाईमाणसाच्या लघवीची फोड करून सांगायची मला लाज वाटली. “रुक गया, साहब,” एवढंच बोललो. साहेब खूश होऊन लातूरच्या दौऱ्यावर गेले. कागदावर ‘आराम’, म्हणजे बरं आहे, असं लिहिलेलं, म्हणून वॉर्डातल्या दाईनंही पाहिलं नाही.

साहेब परतले तेव्हा पोट टम्म फुगलेलं, अंगात ताप. टाके कापून नळी घातली. आवळलेली जागा फाटून भोक पडलं होतं. काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून ते शिवलं. भोक बुजलं, गळती मात्र पहिल्याहून वाढली.

साहेबांनी चिडून विचारलं, बाईनं तेव्हाच साफ का सांगितलं नाही? मी ते मराठीत विचारलं. मथुराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “माझीच बोली खेडवळ, असं सांगा साहेबाला.”

मी त्याचाही तर्जुमा करून दिला.

लग्नात त्या मांडवाबाहेरच उभ्या राहिल्या, असं कानावर आलं. पुढे एकदा नायगावच्या बाजारात भेटल्या. “लई वाळलात मुन्शी, बायकू जेवू घालत न्हाई का?” मी वाट धरली. पुढच्या उन्हाळ्यात त्या वारल्या.

एवढंच म्हणायचं होतं: मावशी, तुमची बोली साफ होती. मला कळलं होतं.