मंजिरीचा वाटा

सुचेता निमकरच्या हातात वाटणी दिली की भांडण होत नाही, असं लंडनजवळच्या स्लाऊच्या मराठी मंडळात म्हणतात. ते खरंही आहे. एकवीस वर्षं ती एका प्राथमिक शाळेच्या किचनमध्ये आहे, आणि तिथं दोनशे साठ पोरांच्या ताटात मॅशचा, म्हणजे कुस्करलेल्या बटाट्याचा, गोळा कसा अगदी सारखा पडतो. चार घरं सोडून राहणारी मंजिरी आणि ती, दोघी मिळून वीस किलो तांदळाचं पोतं आणतात, मे महिन्यात हापूसची पेटी आणतात. वाटे सुचेताच करते. मोठे आंबे मात्र नेहमी मंजिरीच्या पिशवीत जातात. पण ते सुचेता कधी बोलून दाखवत नाही.

मंजिरीचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. जिना उतरायचा तर बसून, एकेक पायरी घसरत. हॉस्पिटलनं सांगितलं, ऑपरेशन करू, पण आधी सोळा किलो कमी करा. वजन उतरवणारं इंजेक्शन मिळालं असतं तर प्रश्न नव्हता. पण काही वर्षांपूर्वी तिच्या स्वादुपिंडाला सूज आली होती, आणि ते ऐकल्यावर जीपीनं, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरनं, सरळ नाही म्हटलं. सुचेताला मात्र कुठंच आडकाठी नव्हती. वजन होतं, मधुमेह उंबरठ्यावर होता.

“माझ्या नावावर घेऊ आणि निम्मं निम्मं करू,” सुचेता म्हणाली.

दोन शहाण्या बायका, साठी जवळ आलेल्या. पण हे औषध आहे, तांदूळ नव्हेत, हे एकीच्याही डोक्यात शिरलं नाही. एजवेअरला एका पार्लरच्या वरच्या मजल्यावर क्लिनिक होतं. तिथं हे औषध मिसळून छोट्या बाटलीत भरून द्यायचे. ऑनलाइन फॉर्म भरला, वजन आपणच लिहिलं, बाटली घरी आली. दर रविवारी चहानंतर सुचेता किचन टेबलावर दोन नव्या सिरिंज ठेवायची, चष्मा पुसायची आणि दोघींचे वाटे काढायची.

मार्चमध्ये एके दिवशी मंजिरी कठडा न धरता दोन पायऱ्या चढली. हसत मागे वळून बघितलं तिनं. त्या रविवारपासून सुचेतानं पंधरा-पंधरा रेघांऐवजी मंजिरीच्या सिरिंजमध्ये वीस रेघा भरल्या आणि स्वतःच्या सिरिंजमध्ये दहा. मंजिरीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं घेतलंच नसतं.

मंजिरीचं वजन झपाट्यानं उतरू लागलं. “बघ, बारा किलो,” ती दिवाळीच्या फराळाला सगळ्यांसमोर म्हणाली. “आणि ही बाई! चोरून चकल्या खात असणार.” सगळे हसले, सुचेताही हसली. त्याच दिवशी तिच्या लक्षात आलं, की मंजिरीनं ताटातल्या कशालाच हात लावला नव्हता, आणि डावा हात बरगडीखाली दाबून धरला होता.

“गॅस आहे गं,” मंजिरी म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात क्लिनिकचा ईमेल आला. नियम कडक झाले होते, तपासण्या चालू होत्या, बाटल्या देणं बंद. आता फक्त कंपनीचं, औषध आधीच भरलेलं सीलबंद इंजेक्शन-पेन मिळणार. तेही नोंदणी असलेल्या फार्मसीतून, वजन त्यांनी डोळ्यांनी बघितल्यावर आणि जीपीला कळवूनच. चार किलो राहिले होते आणि हॉस्पिटलची तपासणी पाच आठवड्यांवर आली होती. पेनसाठी अर्ज तिनं केला खरा, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. रात्री कूस बदलताना मंजिरीचा तो बरगडीखालचा हात डोळ्यांसमोर यायचा. उद्या विचारू, असं ती रोज ठरवायची. विचारलं तर खरं उत्तर येईल, याचंच तिला भय वाटत होतं.

शनिवारी अकराला फार्मसीचा व्हिडिओ कॉल होता. चेहरा, पाय आणि काट्यावरचा आकडा एकाच चौकटीत दिसायला हवा. त्यामुळे फोन धरायला मंजिरी आली. फार्मसिस्ट दिया वॉटफर्डची, जन्मच इथला. निमकर नाव बघून ती हौसेनं मोडक्यातोडक्या मराठीत बोलायला लागली.

“काकू, थोडं मागे... हां, परफेक्ट. एटी-थ्री पॉइंट टू.” तिनं टाइप केलं आणि थांबली. “क्लिनिकच्या पेपरवर मार्चमध्ये एटी-फाइव्ह आहे. डोस दोनदा वाढवला. मग तुमची वजन खूप जायला पाहिजे होती.”

“खाण्यावर ताबा नाही माझा,” सुचेता म्हणाली.

“मी ओरडत नाहीये, काकू. पण रेकॉर्डमध्ये कारण लिहायला लागतं. अशा बाटल्यांत कधी कधी औषध वीक असतं, कधी नुसता पाणी. तुमचं तसंच झालं असेल ना? मग मी पेन लोएस्ट डोसवर स्टार्ट करू शकते.”

आयती वाट मिळाली होती. नुसतं हो म्हणायचं होतं. सुचेतानं फोनच्या वरून बघितलं. मंजिरी डोळ्यांनी सांगत होती, हो म्हण. तिच्या कपाळावर घाम होता. नोव्हेंबर महिना, हीटिंग अजून लावलेलं नव्हतं, आणि ही घामानं डबडबलेली. फोन एकाच हातात होता. दुसरा हात बरगडीखाली होता.

“नाही,” सुचेता म्हणाली. “पाणी नव्हतं. औषध चांगलं होतं. ते मी एकटी घेत नव्हते.”

“मग कोण?”

“जिनं फोन धरलाय ती.”

“सुचेता!” मंजिरीचा हात खाली आला.

“काकू, मला कार्पेट दिसतंय,” दिया म्हणाली.

सुचेता काट्यावरून उतरली, फोन हातात घेतला आणि स्वादुपिंडापासून घामापर्यंत सगळं सांगून टाकलं, फक्त त्या वीस रेघांचं सोडून. दियाचा आवाज बदलला. “दुखणं पाठीत जातं का, विचारा.” मंजिरीनं मान फिरवली, पण नाही म्हटलं नाही. “आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, ए अँड ई. थांबू नका. आणि किती डोस घेतला ते तिथं एक्झॅक्ट सांगा, प्लीज.”

टॅक्सीत मंजिरी खिडकीकडे तोंड करून बसली होती. “चार किलो,” ती म्हणाली. “चारच राहिले होते. आता जन्मभर जिन्यावरून घसरतच उतरायचं मी. तुला काय, तुझे गुडघे धड आहेत.” सुचेतानं तिचा कोट मांडीवर घट्ट धरला होता. वीस रेघांचं अजून सांगायचं राहिलं होतं.

नर्सनं दोनच प्रश्नांत मंजिरीला आत घेतलं, पलंगावर बसवलं, रक्त काढलं, सलाइन लावलं. मग लिहायला बॉलपेन उघडून विचारलं, दर आठवड्याला किती घ्यायचात?

“फिफ्टीन,” मंजिरी म्हणाली. “हाफ हाफ.”

“ट्वेन्टी,” सुचेता म्हणाली. “मार्चपासून.”

नर्सनं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं, वीस लिहिलं आणि डॉक्टरला बोलवायला गेली. पडद्याआड दोघीच उरल्या.

“आणि तू?” मंजिरीनं विचारलं.

“दहा. तू त्या दिवशी पायऱ्या चढलीस ना, मला फार बरं वाटलं गं. मला वाटलं, तुला लवकर होऊ दे.” सुचेताला रडू फुटलं. “मीच केलं हे, मंजू.”

मंजिरीनं सलाइन नसलेला हात पुढे केला आणि सुचेताचं मनगट धरलं.

“आणि मी चारचौघांत तुला चकल्यांवरून बोलले,” ती म्हणाली.